कुत्र्यावर दिसते ती एक गोचीड, घरात असतात त्या बाकीच्या

श्वानपालकांचे प्रश्न, पशुवैद्यकांची उत्तरं

पावसाळा लागल्यापासून गोचिडी आणि त्यांच्या तापाबद्दल बरीच पत्रं आली. म्हणून पहिलं उत्तर ऐसपैस दिलं आहे, बाकीची आटोपशीर आहेत. औषधांची नावं दिली आहेत ती डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावीत म्हणून. मात्रा वजनावर आणि तपासणीवर ठरते, ती डॉक्टरांकडूनच घ्यावी.

प्रश्न : आमचा लॅब्राडोर साडेचार वर्षांचा, वजन ३० किलो. नोव्हेंबरात त्याला टिक फीवर झाला, गोळ्यांनी बरा झाला. आता जूनमध्ये पुन्हा तेच. मानेवर टाकायचे थेंब दर महिन्याला न चुकता टाकतो, दर रविवारी शाम्पूने आंघोळ घालतो. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. बाग नाही, माती नाही. तरी परवा हॉलच्या भिंतीवर गोचीड चढताना दिसली. हे येतंय कुठून?
– प. दे., पुणे

उत्तर : कधीतरी बाहेरून आलं असेल, आता ते तुमच्या घरातच आहे. भिंतीवरची गोचीड हा त्याचा पुरावा.

आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास सापडते ती तपकिरी गोचीड. बहुतेक जातींच्या गोचिडी गवतात, रानात वाढतात; हिला मात्र माणसाचं घर मानवतं. अंड्यातून सहा पायांची बारीक पिल्लं निघतात, कुत्र्यावर चढतात, काही दिवस रक्त पितात आणि गळून पडतात. एखाद्या फटीत कात टाकून ती आठ पायांची होतात. पुन्हा कुत्र्यावर, पुन्हा खाली, पुन्हा कात. तिसऱ्या खेपेला पूर्ण वाढलेली मादी रक्त पिऊन वाटाण्याएवढी टम्म फुगते, गळते आणि भिंत चढून कुठल्यातरी सांदीत काही हजार अंडी घालते. आयुष्यातले थोडेच दिवस ती कुत्र्याच्या अंगावर असते, बाकी सगळा काळ घरात. उपाशी राहूनही महिनोन् महिने तग धरते. त्यामुळे नुसत्या कुत्र्यावर औषध टाकून हा प्रश्न सुटत नाही.

आता तुमच्या थेंबांचं काय होतंय ते पाहू. या थेंबांत बहुधा फिप्रोनिल असतं. ते कातडीवरच्या तेलकट थरात पसरतं आणि तिथेच राहून काम करतं. शाम्पूने तो थर धुतला की औषधही वाहून जातं. थेंब टाकण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालायची नसते, आणि दर रविवारी शाम्पू केला तर महिनाभर पुरायचं औषध त्याच्या कितीतरी आधी संपतं. तीन-चार आठवड्यांतून एक आंघोळ लॅब्राडोरला पुरते. दुसरी चूक म्हणजे थेंब केसांवर टाकणं. खवाट्यांच्या मध्ये केसांचा भांग पाडून कातडी दिसली पाहिजे आणि नळीचं तोंड तिला टेकलं पाहिजे.

आंघोळ टाळणं जमत नसेल तर तोंडाने द्यायची गोळी बरी. फ्लुरालेनर साधारण १२ आठवडे चालतं, अफॉक्सोलेनर आणि सारोलेनर महिनाभर. फ्लुरालेनर भरल्या पोटी द्यावं, उपाशीपोटी ते नीट अंगी लागत नाही. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा. या गोळ्यांमुळे गोचीड चावल्यावर मरते, चावण्याआधी नाही. अंगावर वाळलेल्या, मेलेल्या गोचिडी सापडल्या तर ‘औषध लागू पडत नाही’ असं समजू नका, उलट लागू पडल्याची ती खूण आहे. मात्र टिक फीवर आणणारा एर्लिकिया हा जंतू गोचीड चिकटल्यापासून काही तासांतही रक्तात उतरू शकतो. गोळी चालू आहे म्हणून घराकडे दुर्लक्ष करून चालत नाही ते याचसाठी.

घराचं काम असं करा. आधी शोध. कुत्र्याच्या अंथरुणाखाली, सोफ्याच्या शिवणीत, फरशी आणि स्कर्टिंगच्या मधल्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, स्विचबोर्डच्या कडेला, पडद्याच्या वरच्या घडीत, चपलांच्या रॅकमागे आणि गाडीच्या मागच्या सीटखाली टॉर्च मारून बघा. कल तिचा वर चढण्याकडे असतो, म्हणून नुसती जमीन पुसून भागत नाही. मग या सगळ्या जागी व्हॅक्यूम फिरवा आणि आतली पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका. अंथरूण, चादरी, सोफ्याचे अभ्रे ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवा. गोणपाट किंवा जुनी गोधडी असेल तर ती धुण्यापेक्षा टाकलेली बरी. फटी व्हाइट सिमेंटने बुजवा, कारण फट गेली की अंडी घालायची जागा गेली. पेस्ट कंट्रोलवाल्यांना झुरळांसाठी नाही, गोचिडींसाठी हवंय हे स्पष्ट सांगा आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी ठरवूनच पहिली करून घ्या. फवाऱ्याने अंडी मरत नाहीत, त्यातून निघणारी पिल्लं दुसऱ्या फेरीत मरतात. फरशी पूर्ण वाळेपर्यंत कुत्रा बाहेर. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक वापरू देऊ नका, मांजराला ते विष आहे. माशांची टाकी झाका आणि तिचा हवेचा पंप बंद ठेवा. हे सगळं करून कुत्र्याचं औषधही निदान चार महिने एकही खाडा न करता चालवा. मधल्या एखाद्या महिन्यात गोचीड दिसली नाही म्हणून सोडलं की फटीतली पुढची पिढी त्याच मोक्यावर बाहेर येते.

अंगावर एखादी सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लगटून तोंडाशी पकडा आणि सावकाश, सरळ वर ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. स्पिरिटच्या बाटलीत टाका. नखाने चिरडायची सवय अनेकांना असते, ती सोडा. रॉकेल, तंबाखूचं पाणी, कापूर घातलेलं तेल, लसणाचा रस यांतलं काहीही लावू नका. कुत्रा अंग चाटतो आणि ते पोटात जातं. गाईगुरांच्या गोचिडीचं औषध झाकणाच्या अंदाजाने पाण्यात कालवून लावणं तर फारच धोक्याचं आहे. त्यातलं अमिट्राझ जास्त झालं की कुत्रा गुंगतो, तोल जातो, नाडी मंदावते.

आता दुसऱ्यांदा आलेल्या तापाबद्दल. तो नवा आहे की जुनाच दबून राहिलेला, हे आधी ठरवायला हवं. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवस द्यायचं असतं. सहाव्या-सातव्या दिवशी कुत्रा जेवायला लागतो, शेपूट हलवतो आणि घरचे गोळ्या थांबवतात. नोव्हेंबरात किती दिवस दिल्या होत्या ते आठवा. दिवसाची मात्रा सहसा किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या कुत्र्याला ३००. गोळी जेवणानंतर द्या आणि वर थोडं पाणी पाजा, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. दुधात बुडवून किंवा कॅल्शियमच्या टॉनिकबरोबर देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

शिवाय टिक फीवर हा एकच आजार नाही. बेबेसिया हा दुसरा जंतू. तो लाल पेशी फोडतो, त्यामुळे हिरड्या पांढुरक्या पडतात आणि लघवी गडद तपकिरी होते. त्यातला बेबेसिया गिब्सोनी हा प्रकार नुसत्या डॉक्सिसायक्लिनने बरा होत नाही, त्याची औषधं वेगळी. म्हणून ‘टिक फीवर आहे’ एवढ्यावर न थांबता कोणता जंतू, ते विचारा. पट्टीवरची झटपट चाचणी रक्तातली प्रतिपिंडं दाखवते आणि ती बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येते. फक्त तिच्यावरून दुसरा ताप नवा म्हणता येत नाही, त्यासाठी जंतूचाच अंश शोधणारी पीसीआर चाचणी आहे. प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असाव्यात. मशीनने आकडा फारच कमी दाखवला तर काचपट्टीवर डोळ्यांनी मोजून घ्यायला सांगा, कारण गुठळ्या झाल्या असतील तर मशीन चुकतं.

एक गोष्ट फार वेळा ऐकू येते. कुत्र्याचा घोळणा फुटला की ‘उष्णता झाली’ म्हणून ताक पाजतात. कुत्र्याच्या नाकातून रक्त येणं म्हणजे प्लेटलेट पार उतरल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी रक्त तपासा. पोटाच्या उघड्या कातडीवर किंवा हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तरी तेच.

प्रश्न : आमच्या काजूच्या बागेत राखणीला कुत्रे आहेत. बागेला लागून रान आहे, माकडं येतात. कुत्र्यांमुळे घरात माकडताप येऊ शकतो का?
– शि. ग., दोडामार्ग

उत्तर : प्रश्न रास्त आहे. माकडताप, म्हणजेच क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा भागात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१६ पासून तुमच्या तालुक्यातही रुग्ण आढळले आहेत. तो पसरवणारी गोचीड वर सांगितलेली घरातली नव्हे. ती रानातली, हिमाफिसॅलिस जातीची, आणि माणसाला चावते ती बहुधा तिची अर्धवट वाढलेली, सहज न दिसणारी अवस्था. कुत्र्यापासून माणसाला हा ताप थेट लागत नाही. पण रानात फिरलेला कुत्रा अंगावरून गोचीड घरापर्यंत आणू शकतो. साधारण डिसेंबर ते मे हा जोखमीचा काळ. त्या दिवसांत कुत्र्यांना गोचिडीचं औषध चालू असलंच पाहिजे. रानातून आलेला कुत्रा ओटीवर किंवा माजघरात न घेता पडवीतच बांधावा आणि त्याच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बघून घ्यावं, तेही हातमोजे घालून. माणसांनी बागेत जाताना आरोग्य केंद्रातून मिळणारं, गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल लावावं, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत. बागेत माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा आणि कुत्र्यांना तिकडे फिरकू देऊ नका.

प्रश्न : दीड महिन्याचं जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं होतं. पहिली लस दिली होती तरी आठ दिवसांत उलट्या, रक्ताचे जुलाब होऊन गेलं. डॉक्टरांनी पार्वो सांगितला. घर फिनेलने तीनदा पुसून घेतलं आहे. मुलं रडतात, दुसरं पिल्लू आणायचं आहे. किती दिवस थांबू?
– सौ. म. पा., सांगली

उत्तर : फिनेलने पार्वोचा विषाणू मरत नाही, डेटॉलनेही नाही. त्याला मारतं ते ब्लीच, म्हणजे बाजारात मिळणारं चार-पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट. एक लिटर पाण्यात ३०–३५ मिलिलिटर घाला. आधी फरशी साबणाने धुऊन घ्या, कारण घाण असेल तर ब्लीचचा जोर तिच्यावरच खर्च होतो. मग हे पाणी पसरून दहा मिनिटं ओलं राहू द्या आणि नंतर धुवा. द्रावण रोज नवं करा. त्यात ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रव मिसळू नका, विषारी वायू निघतो. भांडी, पट्टा, पिंजरा, चपलांचे तळवे, सगळं यात आलं. कापडी अंथरूण आणि मऊ खेळणी फेकून द्या.

अंगणातल्या मातीला मात्र ब्लीचचा उपाय नाही. सावलीतल्या ओल्या मातीत हा विषाणू वर्षभरही टिकू शकतो. तुम्हाला अंगण असेल तर वर्षाच्या आत लहान पिल्लू आणू नये हे बरं. त्याआधी आणायचंच असेल तर लसीकरण पूर्ण झालेला, चार-साडेचार महिन्यांच्या पुढचा कुत्रा आणा. मोठा दत्तक घेतला तर आणखी चांगलं.

पहिली लस देऊनही पिल्लू का गेलं, हे समजून घ्यायला हवं. पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिपिंडं मिळतात. ती असतात तोवर लसीतला विषाणूही ती मारून टाकतात आणि लस वाया जाते. ही प्रतिपिंडं कुणाच्या अंगातून आठव्या आठवड्याला ओसरतात, कुणाच्या चौदाव्या-पंधराव्याला, बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत जायचा आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा. ‘दोन डोस झाले, पुरे’ म्हणून अकराव्या आठवड्याला थांबणारे पुष्कळ असतात, आणि पार्वो नेमका तिथे गाठतो. त्यानंतर सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान बूस्टर. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर, मग दरवर्षी. एकत्रित लसीत लेप्टोस्पायरोसिसचा भाग असेल तर तोही दरवर्षी द्यावा लागतो. उंदीर आणि तुंबलेलं पाणी असलेल्या वस्तीत तो चुकवू नये.

विक्रेत्याच्या ‘लस झाली आहे’ या शब्दावर जाऊ नका. पुस्तिकेत लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिली नसेल तर टोचूनही उपयोग नाही. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत, सोसायटीच्या हिरवळीवर खाली ठेवू नका. उचलून मात्र जरूर फिरवा. रिक्षा, फटाके, अनोळखी माणसं यांची सवय याच वयात होते.

पिल्लाने जेवण टाकलं आणि दोन उलट्या केल्या की सकाळपर्यंत वाट पाहू नका. उलट्या चालू असताना दहीभात, ओआरएस तोंडाने ओतत राहिलात तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. त्याला सलाइनची गरज असते.

प्रश्न : सात वर्षांची पॉमेरेनियन आहे, वजन ७ किलो. दीड महिन्यापूर्वी माजावर होती. आठवडाभर खूप पाणी पिते, जेवत नाही, काल दोनदा उलटी झाली. ताप नाही. वयामुळे असेल का? पिल्लं एकदाही झाली नाहीत, त्याचा संबंध आहे का?
– अ. जो., नाशिक

उत्तर : अंक हाती येईपर्यंत बहुधा डॉक्टरांना दाखवून झालं असेल. नसेल तर आज जा आणि पोटाची सोनोग्राफी करा. नसबंदी न झालेली, मध्यमवयीन मादी, माज संपून चार ते आठ आठवडे, भरमसाट पाणी आणि जेवण बंद, हे जुळून आलं की पहिला संशय गर्भाशयात पू झाल्याचा, म्हणजे पायोमेट्राचा. ताप नसणं हा दिलासा नव्हे. कित्येक वेळा तो नसतोच.

माजानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, स्राव साठतो, आणि माजाच्या काळात आत शिरलेले जंतू त्यात वाढतात. त्यांचं विष मूत्रपिंडावर परिणाम करतं, लघवी वाढते आणि म्हणून तहान वाढते. पाणी मोजा. किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर जात असेल, म्हणजे हिच्या बाबतीत ७०० च्या वर, तर ते नक्की जास्त आहे. खालून पू येत असेल तर निदान कळतं तरी. गर्भाशयाचं तोंड बंद असलं तर काहीच दिसत नाही, पोट फुगतं आणि पिशवी फुटू शकते. इलाज शस्त्रक्रियेचा, गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकण्याचा. नुसत्या अँटिबायोटिकवर चार दिवस बरं वाटतं, पुढच्या माजाला पुन्हा तेच.

पिल्लं न झाल्यामुळे हे होतं असं म्हणणं सोपं आहे, पण ‘एकदा तरी विणू द्यावी’ हा यावरचा उपाय नाही. विणलेल्या कुत्रीलाही पायोमेट्रा होतो. टाळायचा असेल तर वेळीच नसबंदी करावी. लहान चणीच्या जातीत सहा महिन्यांच्या सुमाराला, मोठ्या जातीत हाडांची वाढ होऊ देऊन, साधारण वर्ष-दीड वर्षाने. पहिल्या माजाआधी केली तर स्तनांच्या गाठींचा धोकाही खूप कमी होतो. माज चालू असताना ती टाळतात, कारण तेव्हा रक्तपुरवठा वाढलेला असतो. माज संपून दोन-तीन महिन्यांनी करतात. आणि माज लांबवायचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर घेऊ नका. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं आणि ते याच आजाराला आमंत्रण देतं.

प्रश्न : लॅब्राडोर मादी, सहा वर्षांची, नसबंदी झालेली, ४१ किलो. डॉक्टर म्हणतात ३२ हवी. दोन वेळा मोजूनच जेवण देतो, तरी वजन हलत नाही.
– र. सा., ठाणे

उत्तर : जेवण मोजता, ते ठीक. बाकीचं कोण मोजतं? ३२ किलोच्या कुत्र्याला वजन उतरवण्यासाठी दिवसाला सुमारे ९४० कॅलरी पुरतात. आता सकाळच्या चहाबरोबरची चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे जवळपास १०० कॅलरी, दोन पोळ्या सव्वादोनशेच्या आसपास, फुल क्रीम दुधाची २०० मिलिलिटरची वाटी पावणेदोनशे. हे झाले पाचशे, म्हणजे दिवसाचा निम्म्याहून जास्त कोटा, आणि अजून जेवण आलेलं नाही. त्यात वॉचमन, इस्त्रीवाले काका आणि शेजारच्या आजी यांचा वाटा वेगळा.

करून बघा. दिवसाचं सगळं खाणं सकाळी वजनकाट्यावर मोजून एका डब्यात भरा. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५०–४०० कॅलरी असतात, नेमका आकडा पोत्यावर छापलेला असतो. घरात कुणालाही काही द्यायचं असेल तर ते त्या डब्यातूनच. डबा संपला की संपला. भूक भूक करतेच आहे म्हणून काकडी, दुधी, फरसबी उकडून, बिनमिठाची घाला. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे ४०० ते ८०० ग्रॅम उतरलं तर उत्तम. ४१ किलोचा कुत्रा उचलून घरच्या काट्यावर उभं राहता येत नाही. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात किंवा धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर नेऊन मोजा. दोन महिने डबा प्रामाणिकपणे पाळूनही काटा हलला नाही तर थायरॉइड तपासा. त्याआधी नको.

लॅब्राडोर कायम उपाशी असल्यासारखा वागतो, त्यात थोडा दोष रक्ताचाही आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की काही लॅब्राडोरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गायब असतो आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते. म्हणजे तिच्या डोळ्यांतली याचना खरी आहे, पण ती भूक नव्हे.

उलट बाजूही सांगून ठेवतो. कारवान, पश्मी, मुधोळ या सडपातळ देशी जाती पाळणाऱ्यांनी या उत्तराच्या भरात कुत्र्याला लठ्ठ समजू नये आणि हडकुळाही समजू नये. त्यांच्या मागच्या एक-दोन बरगड्या दिसणं ही त्या जातीची ठेवण आहे.

प्रश्न : कॉकर स्पॅनियलच्या कानाला सतत वास येतो. दर आठवड्याला कोमट खोबरेल तेल घालून कापसाच्या काडीने साफ करतो. तरी खाजवतोच.
– वि. कु., कोल्हापूर

उत्तर : तेल बंद, काडी बंद. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग काटकोनात आत वळते. काडीने मळ त्या वळणावर ठासला जातो, आणि ओल्या, बंद, तेलकट कानात यीस्ट फोफावते. डॉक्टरांनी दिलेलं कान धुवायचं द्रावण नळी भरेपर्यंत ओता, कानाच्या बुडाशी बाहेरून २०–३० सेकंद चोळा, पचपच आवाज यायला हवा. मग सोडा, डोकं झटकू द्या. बाहेर आलेला मळ बोटाला गुंडाळलेल्या कापसाने, बोट जाईल तेवढाच पुसा. डोकं एका बाजूला कलतं असेल किंवा कान दुखत असेल तर घरी काहीच घालू नका, पडदा फाटलेला असू शकतो. औषध सुरू करण्याआधी मळाचा नमुना काचपट्टीवर तपासून घ्या. यीस्टचे थेंब वेगळे, जिवाणूंचे वेगळे. वर्षात तीन-चारदा हेच होत असेल तर कानाच्या मागे ॲलर्जी आहे असं धरून चाला.

प्रश्न : फिरायला गेलो असताना भटक्या कुत्र्याने आमच्या कुत्र्याचा पाय फोडला. सोडवताना मलाही नख लागलं, थोडं रक्त आलं. आमच्या कुत्र्याची रेबीजची लस झालेली आहे. चालेल ना?
– नि. रा., नागपूर

उत्तर : नाही. दोघांच्याही जखमा वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं, घड्याळ लावून धुवायच्या. कुत्र्याची जखम धुताना हातमोजे घाला, कारण चावणाऱ्याची लाळ तिच्यात आहे. हळद, चुना, तिखट यातलं काहीही भरू नका. लस झालेल्या कुत्र्यालाही चावल्यानंतर पुन्हा डोस लागतात. किती, ते मागच्या लसीची तारीख बघून डॉक्टर ठरवतील, म्हणून पुस्तिका घेऊन जा. तुम्हाला रक्त आलं आहे, त्यामुळे तुमचं प्रकरण तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडतं. लसीबरोबर जखमेत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं असलेलं औषधही टोचावं लागतं. सरकारी रुग्णालयात कातडीतून देतात ते डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. भटका कुत्रा दहा दिवस जिवंत राहतो का हे बघत थांबू नका, लस आज सुरू करा.

प्रश्न : रात्री-अपरात्री कुत्र्याला ताप आला तर लहान मुलांचं तापाचं सिरप थोडंसं दिलं तर चालतं का? आमच्याकडे चोवीस तास चालणारा दवाखाना नाही.
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाक गरम लागलं म्हणजे ताप नव्हे. थर्मामीटरला तेल लावून गुदद्वारात दोन सेंटिमीटर सरकवा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान आहे, १०३ च्या वर गेलं की ताप. सिरप देऊ नका. त्यात असणाऱ्या पॅरासिटामॉलची सुरक्षित मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर कमी आहे, आणि घरात मांजर असेल तर तिला तर थेंबभरही नको. आयबुप्रोफेनने पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडतं. त्यातून तो ताप गोचिडीचा निघाला, प्लेटलेट आधीच उतरलेल्या असल्या, तर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन रक्तस्राव वाढवतं. रात्र काढायची असेल तर पंख्याखाली ठेवा, पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसत राहा, समोर पाणी ठेवा. तापमान आणि वेळ दर दोन तासांनी कागदावर लिहा, सकाळी तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. १०५ च्या पुढे गेलं, तोल जाऊ लागला किंवा हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर मात्र सकाळची वाट न बघता गाडी काढा.